वजनखोलीतली टाच

आमच्या रसायनशास्त्र विभागात एक मावशी होत्या. कागदावर त्या प्रयोगशाळा परिचर; मुलं त्यांना ब्यूरेटमावशी म्हणायची, कारण मापाची ती लांब काचेची नळी त्या तान्ह्या बाळाला न्हाऊ घालावं तशी धुवायच्या. अठरा वर्षांत त्यांच्या हातून तीन फुटल्या. माझ्या हातून किती, ते विचारू नका.

मी विभागप्रमुख होते आणि शिस्तीची होते, असं मी म्हणायची. इतर काय म्हणायचे तेही कानावर यायचं. माझी खास शिस्त वजनखोलीची. तिथले तराजू इतके नाजूक की धुळीच्या कणानेही आकडा हलायचा, म्हणून आत सगळ्यांनी अनवाणी जायचं. मुलं पंधरा मिनिटांत वजन करून बाहेर पडायची. मावशी मात्र तराजूंवर लक्ष ठेवत दिवसाचे पाच तास त्या गार, टणक फरशीवर उभ्या. स्टूल नाही, बसलेलं माणूस टेबलावर रेलतं आणि टेबल हलतं. हाही माझाच नियम.

एका वर्षी त्या लंगडायला लागल्या.

"टाचेत खिळा ठोकल्यासारखं होतंय, मॅडम. सकाळी पलंगावरून पाय टेकवला की ब्रह्मांड आठवतं."

"पडलात कुठे?"

"नाही हो."

"सूज?"

"दिसत तर काहीच नाही."

"मग होईल बरं. तराजू पुसलेत का?"

पण मी विज्ञानाची बाई, ऐकीव गोष्टीवर विश्वास कशी ठेवणार! मी निरीक्षण सुरू केलं. टेबलावर वही होतीच. दहा पाच, लंगडतात. साडेदहा, सरळ चालतात. एक चाळीस, डबा खाऊन उठल्या, पुन्हा लंगडतात. दोनच्या आत सरळ. साडेचारला पुन्हा. दोन आठवडे मी हे लिहिलं आणि निष्कर्ष काढला: खरं दुखणं असं घड्याळ बघून येत-जात नाही. आल्याआल्या सगळे बघत असतात तेव्हा पाय ओढायचा आणि नंतर विसरून जायचं, याला साध्या भाषेत सोंग म्हणतात.

त्यांनी अर्ज केला. सहा महिने भांडारात बसून काम द्या, बाटल्यांना चिठ्ठ्या लावते, नोंदी करते, पाय सुधारला की परत येते. नोकरी टिकावी, एवढंच मागणं होतं. प्राचार्यांनी अर्ज माझ्याकडे अभिप्रायासाठी पाठवला. मी सुवाच्य अक्षरात लिहिलं, "दुखणे सोयीनुसार येते व जाते. निरीक्षणांती सोंग वाटते. शिफारस नाही."

चार महिन्यांनी मावशींनी राजीनामा दिला. नोकरीची दहा वर्षं बाकी होती. निरोपाच्या चहाला मी गेले नाही, पेपर तपासायचे होते. दुसऱ्या दिवशी बघितलं तर सगळ्या ब्यूरेट धुऊन, उलट्या करून, ओळीने स्टँडला लावलेल्या होत्या.

याला बारा वर्षं झाली. गेल्या वर्षी एका सकाळी मी पलंगावरून पाय खाली ठेवला आणि किंचाळले. न्हाणीघरापर्यंत भिंत धरून गेले. चहा होईपर्यंत दुखणं पळालं. पेपर वाचून खुर्चीतून उठले तर ते परत हजर.

डॉक्टरीण माझ्या नातीच्या वयाची. तिने टाचेच्या आतल्या बाजूला अंगठा दाबला, मी जोरात ओरडले.

"इथेच ना? तळव्याखाली टाचेपासून बोटांपर्यंत एक जाड पट्टा असतो, आजी. तो दुखावलाय. रात्रभर आखडतो, पहिल्या पावलांना ताणला जातो. चाललात की सैल पडतो, खूप वेळ उभ्या राहिलात की पुन्हा ठणकतो."

"पण चालल्यावर थांबतं, मग हे खरं दुखणं कसं?" मी कोणाचा प्रश्न विचारतेय ते मला तोंडातून शब्द गेल्यावर कळलं.

"अहो, तीच तर याची खूण! घरात अनवाणी फिरता? कडक फरशीवर उभ्या असता?"

घरी येऊन जुनी वही काढली. दोन आठवड्यांचं नीट, तारीखवार निदान माझ्याच अक्षरात होतं. कोणाही डॉक्टरला दाखवलं असतं तरी पाच मिनिटांत उलगडा झाला असता. मी दाखवलं फक्त प्राचार्यांना.

पत्ता मिळवून गेले. मावशी लेकीकडे राहतात, तिसऱ्या मजल्यावर. दार त्यांनीच उघडलं, ताठ चालत येऊन. मी सवयीने चपला काढायला वाकले.

"काढू नका," त्या म्हणाल्या. "जिन्यावर पाऊल ओढताना ऐकलं मी. सकाळची पहिली चार पावलं जीव घेतात ना?"

मला बसवून त्यांनी शिकवणीच घेतली. उठायच्या आधी पलंगावरच पंचा तळव्याला अडकवून बोटं स्वतःकडे ओढायची. भिंतीला हात टेकून पोटरी ताणायची. बर्फ झालेली पाण्याची बाटली तळव्याखाली फिरवायची. घरातही मऊ चप्पल. "आणि घाई नको. मला आठ महिने लागले."

"आठच?"

"अगदी खडखडीत बरी झाले. फक्त बसायला मिळायला हवं होतं."

मी म्हणाले, "मावशी, तुमच्या अर्जावर मी जे लिहिलं..."

"कारकुनाने वाचून दाखवलं होतं." त्या खिडकीकडे बघत होत्या. "त्याचं एवढं नाही हो. ती वही होती ना तुमची? मी आले की घड्याळ बघून लिहायचात. मला वाटायचं, मॅडम माझ्यासाठी लिहितायत, मोठ्या डॉक्टरला दाखवणार. म्हणून तर मी येऊन सांगायची तुम्हाला, आज दुपारी जास्त होतं म्हणून."

सांगायच्या खऱ्या. अशा एका दिवशीची नोंद मला पाठ आहे: "आज दुपारी नाटक जास्त."

वही माझ्या पिशवीत होती. ती दाखवून माफी मागायची, असं ठरवून गेले होते. बाहेर काढली नाही. त्यांनी हाताला धरून मला जिन्यापर्यंत सोडलं आणि वरून ओरडल्या, "कठडा धरा, मॅडम!"