दुसरा आवाज

देवानंद गेल्याचा फोन आला तेव्हा मी शाळेत जायला चपला घालत होतो. फोन त्याच्या मेहुण्याचा, राजूचा. "सर, भाऊजी गेले. मिलमधीच छातीत दुखलं, दवाखान्यात नेतपर्यंत सारं खलास." दुसरी चप्पल पायात घालायची राहिली. पलीकडे दोन श्वास गेले असतील-नसतील... "अन् सर, गाडीची चाबी तुमच्याजवळ त नाही ना?"

दीड महिना झाला, त्या प्रश्नाची किळस अजून जात नाही. पण राजू एकटा नव्हता. पुण्यानुमोदनाच्या, म्हणजे त्याच्या दिवसकार्याच्या दिवशी आत बुद्धवंदना चालू होती आणि बाहेर दोन गृहस्थ उकिडवे बसून देवानंदच्या गाडीचे टायर दाबून बघत होते. जेवणाच्या पंगतीत एकाने भाताचा घास तोंडात ठेवूनच मला विचारलं, "टॉप मॉडेल होय म्हणते ना जी? मंग वहिनी काय करन तिचं?" शाळेतल्या सहकाऱ्यांच्या ग्रुपवर हात जोडलेल्या चित्रांची रांग लागली होती, आणि त्याच रांगेत कुणीतरी गाडीचा फोटो मागितला होता. मला शिसारी आली. मेलेल्या माणसाबद्दल गोड लिहायचं असतं, त्याचीही मला हल्ली शिसारी येते. म्हणून हा लेख गोड होणार नाही. ज्याची सगळ्यात जास्त किळस यावी असा माणूस या लेखात पुढे येणारच आहे, आणि लेखाखाली नावही त्याचंच आहे.

देवानंद आणि मी आसगावचे, शाळेत एका बाकावर बसणारे. मी पुस्तकं वाचत राहिलो आणि तुमसरला भूगोलाचा मास्तर झालो. तो दहावीनंतर गॅरेजमध्ये शिरला आणि पुढे तुमसरच्याच एका राईस मिलमध्ये फिटर झाला. कान असा, की मिलच्या फाटकातून आत येतानाच सांगायचा, "तीन नंबरचा रोल घासला. कणी पडून राहिली असन, पाहा." आणि खरंच त्या धान भरडायच्या रोलाखाली तांदूळ तुटून कणी पडत असायची. मालक त्याच्या हातापेक्षा त्याच्या कानाला पगार देतो असं आम्ही चिडवायचो.

गॅरेजमध्ये विशीत असताना त्याने ती जपानी गाडी पाहिली. मँगनीजच्या खाणीतल्या एका साहेबाची होती. दिसायला साधी, चार दारांची, पण डिक्कीवर तांबडी अक्षरं. ती अक्षरं म्हणजे त्या गाडीतलं वरचं मॉडेल. दुरुस्तीनंतर साहेबाने देवानंदला शेजारी बसवून एक चक्कर मारली. इंजिनाच्या फेऱ्यांचा काटा साडेपाच हजारांच्या पुढे गेला आणि इंजिनाचा आवाज एकदम बदलला... "एकाच इंजिनात दोन आवाज असते बे मास्तर," तो मला त्या दिवशी सांगत होता. "पहिला सगळ्याइले ऐकू येते. दुसरा, जो दाबन त्याले." पुढची पंधरा-सोळा वर्षं त्याने दुसऱ्या कशाची हौस केली नाही.

ती गाडी बंद होऊन बरीच वर्षं झाल्यावर त्याच्या हाती थोडे पैसे जमले आणि एकाच आठवड्यात दोन जुन्या गाड्या विकायला असल्याचं कळलं. एक भंडाऱ्यात, पांढरी, खालचं मॉडेल, एकाच मालकाने जपलेली. ती त्याने स्वतः चालवून पाहिली होती. दुसरी नागपुरात, जुन्या गाड्यांच्या एका व्यापाऱ्याकडे, हिरवी, डिक्कीवर तांबडी अक्षरं. नेमकं नवीन धान आलं होतं, मिल थांबत नव्हती आणि फिटरला सुट्टी मिळत नव्हती. "तू पाहून ये," तो म्हणाला. "कागदं नोको पाहू, कागदावर दोन्ही सारख्याच दिसते. इंजिन पेलायला लाव, पार जोरात दाबायला सांग, आन् फक्त ऐक. दुसरा आवाज आला त हो म्हण. नाही आला त मी पांढरी घेतो, पांढरी काही वाईट नाही."

आता बघा, मी भूगोलाचा मास्तर. पण त्याआधीचे सहा महिने मी फोनवर त्या गाडीचे व्हिडिओ बघून दोन्ही मॉडेलांचे बारीकसारीक फरक पाठ केले होते आणि स्टाफरूममध्ये त्यावर व्याख्यानं देत होतो. व्यापाऱ्याने ते दोन मिनिटांत ओळखलं. समोसा मागवला. बोनेट उघडलं, आत सगळं धुऊन चकाचक. मी काहीतरी बोललो, तर म्हणतो, "सर, आपको तो सब मालूम है, आपको क्या बताना." त्या एका वाक्यावर मी विकला गेलो. रिंग रोडवर त्याने गाडी दामटली, इंजिन ओरडलं, मी सीटचा काठ धरून बसलो होतो. दुसरा आवाज आला का? मला माहीत नाही. खरंच माहीत नाही. पण 'कळलं नाही' हे म्हणणं मला कधी जमलेलं नाही. मी तिथूनच फोन लावला, "देवा, घे डोळे मिटून. ऐकला मी. स्वतःच्या कानांनी ऐकला."

त्याने पांढरी सोडली आणि हिरवी घेतली.

नंतरची आठ वर्षं बहुतेक रविवारी आम्ही मोहाडीच्या पुढे, रस्ता सरळ होतो तिथपर्यंत जायचो. तो चालवायचा, मी डावीकडे. तो ॲक्सिलरेटर दाबायचा, गाडी कानठळ्या बसेल अशी ओरडायची आणि मी मांडीवर थाप मारायचो, "आला! आला बघ!" तो समोर बघत म्हणायचा, "आला बे मास्तर, आला." घरी परतल्यावर गाडी अंगणात नेहमी उलटी लावायचा, डिक्की पार भिंतीजवळ नेऊन. शेणामातीच्या हातांची पोरं अक्षरं ओरबाडतील म्हणून असेल, असं मला वाटे. मी तर लोकांना कौतुकाने सांगायचो, किती जपतो बघा.

तो गेल्यानंतर तीन आठवड्यांनी राजूने पहिलं गिऱ्हाईक आणलं. नागपूरचा एक तरुण, या जुन्या जपानी गाड्यांचाच नाद असलेला. त्याने बोनेट उघडलं, वाकून अर्धा मिनिट पाहिलं आणि अगदी अदबीने मला म्हणाला, "काका, हे खालचं मॉडेल आहे. वरची अक्षरं फक्त चिकटवलेली आहेत." मी त्याच्याशी वाद घातला! हो, तेव्हासुद्धा. आठ वर्षं ऐकतोय म्हणालो. त्याने बोनेट हळूच लावून टाकलं. त्या हळुवारपणातच मला सगळं कळलं.

तरुण निघून गेल्यावर राजू मला कोपऱ्यात घेऊन गेला. "टेन्शन नोको घेऊ सर. दुसरं गिऱ्हाईक पाहू, ज्याले अक्कल नाही असं. तुम्ही फक्त म्हणा का दुसरा आवाज येते. मास्तर मानसाची जबान हाय, कोन काहून शंका घेईन?" त्याच्या तोंडाला गुटख्याचा वास येत होता. पण मी मागे सरलो तो त्या वासाने नाही. नागपुरातल्या त्या व्यापाऱ्यात, राजूत आणि माझ्यात मला काही फरक दिसेना. उलट ते दोघे खोटं बोलताना स्वतःला ओळखून तरी होते.

मी देवानंदच्या बायकोकडे, सुनंदावहिनींकडे गेलो. कबूल करायला गेलो, आणि तिथेही सुरुवात अशी केली की व्यापाऱ्याने आपल्याला फसवलं. 'आपल्याला'! मग जीभ अडखळली आणि एकदाचं बोललो, "वहिनी, मी ऐकला नव्हता. मी खोटं सांगितलं त्याला."

त्या लसूण सोलत होत्या. हात थांबला नाही.

"त्यायले मालूम होतं भाऊजी. गाडी आली त्याच दिवशी. एक चक्कर मारून आले आन् अंगनात गाडीतच बसून राह्यले. म्या इचारलं का झालं, त म्हणे, हे ते नाही. म्या म्हनलं, मंग वापस करा, चार दिवसाची बोली हाय. त म्हणे..." त्यांनी लसणाची साल फुंकून बाजूला केली. "म्हणे, मंग मास्तरले सांगा लागन."

मी खाली पडलेली लसणाची साल बोटाने गोळा करत राहिलो.

"मंग तो मोठ्या आवाजाचा सायलेन्सर बसवून आनला. साऱ्या मोहल्ल्याची बोलनी खाल्ली. म्या म्हनलं, काहून करता असं? त म्हणे, रविवारी मास्तर येते."

म्हणजे ज्या कानाला घासलेला रोल फाटकातून कळायचा, त्या कानाने आठ वर्षं दर रविवारी माझं खोटं ऐकलं आणि वर "आला" म्हटलं. त्याला आयुष्यात एकच आवाज परत ऐकायचा होता. तो मी माझ्या ऐटीसाठी घालवला, आणि ते मला कळू नये याची काळजी त्यानेच घेतली. त्याच्या चांगुलपणाचाही त्या दिवशी मला राग आला. एक शिवी दिली असतीस रे देवा... एकच.

वहिनींना विचारून नागपूरच्या त्या तरुणाला मी स्वतः फोन केला. खालचं मॉडेल म्हणून हवी असेल तर ये, म्हटलं. राजू आजही माझ्याशी बोलत नाही, हे बरंच झालं. तरुण येण्याआधी मी गाडीच्या आणि भिंतीच्या मधल्या फटीत आडवा शिरलो आणि गरम पाणी ओतून, शिवणाचा दोरा मागून घालून एकेक अक्षर सोडवलं. भिंतीला पाठ घासत होती. अक्षरं लोखंडाचीसुद्धा नव्हती, हलकं प्लॅस्टिक. ती कुणी जवळून बघू नयेत म्हणूनच तो गाडी उलटी लावायचा, हे तेव्हा कळलं.

तो आला आणि चालवून बघतो म्हणाला. मी माझ्या जागी, डावीकडे बसलो. मोहाडीच्या पुढे रस्ता सरळ झाला, त्याने दाबलं. काटा पाच हजारांवर गेला, साडेपाच, सहा. माझा हात आपोआप मांडीवरून उचलला गेला होता. तो मी तसाच खाली ठेवला.

"आला का काही, काका?" त्याने हसत विचारलं.

"नाही आला," मी म्हणालो.

गाडी त्याने त्याच दिवशी नेली. वहिनींच्या अंगणातल्या भिंतीवर सायलेन्सरच्या धुराचा काळा गोल उमटलेला आहे, ताटाएवढा. यंदा चुना मारताना तेवढी जागा सोडायला त्यांनी रंगाऱ्याला सांगितलं. मी रविवारी जातो, खुर्ची त्या गोलासमोर टाकून बसतो. चहा येतो. कुणी काही विचारत नाही, आणि मीही आता काही सांगत नाही.