शेकू नका, असं मी म्हणालोच नाही

सकाळी आठला नागपूरकडच्या गोरेगावजवळच्या खेड्यातून तुळशीरामचा फोन आला. "साहेब, शेरू उठूनच नाही राहिला. जीभ निळी पडली."

मी जनावरांचा डॉक्टर. शेरू त्याचा कुत्रा. रानडुकरानं त्याची मांडी फाडली होती. ऑपरेशन नागपूरला झालं आणि दुखणं थांबवायला पाठीवरचे केस काढून तिथं पॅच लावला. पॅच म्हणजे औषध भरलेली चिकटपट्टी. औषध कातडीतून थोडं थोडं करत तीन दिवस झिरपतं. ते अफूच्या जातीचं, फार जहाल. जास्त गेलं की श्वास मंदावतो. पुढची देखरेख माझ्याकडे होती.

हाताला प्लास्टिकची पिशवी गुंडाळून पट्टी काढ, असं फोनवरच सांगितलं आणि गाडी काढली. पोचलो तेव्हा शेरू मिनिटाला चार श्वास घेत होता. पाठ तापलेली.

काय केलं म्हणून विचारलं. तुळशीरामची आई अनुसयाबाई पहाटेपासून एरंडाची पानं तव्यावर गरम करून त्याला शेकत होती. पट्टी जिथं लावली तिथंच दुखत असणार, असं तिनं धरलं होतं. त्या उष्णतेनं कितीतरी औषध एकदम अंगात गेलं.

माझा तोल गेला. "काऊन शेकलं? सांगितलं होतं ना?"

तुळशीराम म्हणाला, "तुमी हिटिंग पॅड नोका लावू म्हटलं होतं. आमच्या घरी तं हिटिंग पॅडच नाही."

खरं होतं. नागपूरहून आलेला सूचनांचा कागद मी जसाच्या तसा वाचून दाखवला होता. पट्टी चाटू देऊ नका, लेकरांना हात लावू देऊ नका, सगळं. मी स्वतः एरंडाच्या शेकावर वाढलेला माणूस, पण शेक हा शब्द तोंडातून निघाला नाही. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

उतारा म्हणून द्यायचं इंजेक्शन माझ्या बॅगेत नव्हतं. शेरूच्या नाकात फुंकून श्वास देत राहिलो. अर्ध्या तासानं थांबलो.

पट्टी चिकट बाजू आत दुमडून डब्यात घेतली. वापरलेल्या पट्टीतही लेकराचा जीव जाईल एवढं औषध उरतं, उकिरड्यावर टाकून चालत नाही. नागपूरच्या सर्जनला फोन केला.

"सूचना दिल्या होत्या ना?"

"वाचून दाखवल्या."

"मग आपली चूक नाही."

अनुसयाबाई गाडीपर्यंत आली. "माह्या हातानं मेला का जी?"

"नाही बाई, माझ्या चुकीनं."

तिला ते पटलं नाही.

आता पॅच लावलेलं जनावर घरी पाठवताना मी कागद नंतर काढतो. आधी विचारतो, तुमच्या घरी दुखण्यावर काय करतात? मग एकेकाचं नाव घेऊन नको म्हणतो. इंजेक्शन बॅगेत असतं.