पोलिसांनी बाहेर जावं

"पोलिसांनी बाहेर जावं."

एवढंच म्हणायचे ते आणि पेनच्या टोकाने दार दाखवायचे. फौजदार, हवालदार सगळे व्हरांड्यात गेले की आरोपीला जवळ बोलवायचे. "आता बोल. मारलं का?"

पोलिसांनी हजर केलेल्या माणसाला मॅजिस्ट्रेटने हे विचारायचंच असतं. तुम्ही कधी कोर्टात बसला असाल तर ऐकलंही असेल. "तक्रार आहे का?" "नाही." चला, पुढचा. शेजारी पोलीस दंडाला धरून उभा असताना माणूस दुसरं काय बोलणार? एवढी साधी गोष्ट आमच्या उपनगरातल्या त्या कोर्टात या एकाच मॅजिस्ट्रेटसाहेबांना सुचली. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. मी तेव्हा नवा वकील होतो.

साहेब राहायला मुलुंडला. आरे कॉलनीतून येणाऱ्या बसने कोर्टात यायचे, मांडीवर डबा. एकदा स्टॉपवर एका बड्या वकिलाने गाडी थांबवली. "बसा ना साहेब, सोडतो."

"नको. तुमची गाडी उद्या माझ्यासमोर उभी राहील."

चेंबरमध्ये कुणी 'दोनच मिनिटं' म्हणून डोकावलं तर डब्याकडे बोट दाखवायचे. "इथे मी फक्त जेवतो. काय बोलायचं ते कोर्टात बोला." बाररूममध्ये त्यांची नक्कल व्हायची आणि आम्ही पोट धरून हसायचो.

मालाडच्या एका कारखान्यात संप चालू होता. तिथल्या एका कामगाराला मारामारीच्या गुन्ह्यात पकडून आणलं. वकीलपत्र माझं. पोलीस बाहेर गेले तरी त्याची नजर दाराकडेच. साहेबांनी घाई केली नाही, ते मालवणीवर आले.

"खयचो रे तू?"

"कणकवलीचो."

"मगे बोल. हय कोण नाय आता."

"तळपाय बघा, साहेब."

साहेब खुर्चीवरून उतरले. भर कोर्टात खाली वाकून त्यांनी त्याचे दोन्ही तळपाय पाहिले. मग वर येऊन काय दिसलं ते शब्द न गाळता स्टेनोला सांगितलं. पोलीस कोठडी नाकारली, त्याला डॉक्टरांकडे पाठवलं आणि पोलिसांकडून खुलासा मागवला. पुढे तो जामिनावर सुटला.

दिवाळीच्या आत साहेबांची बदली झाली, पार विदर्भाच्या टोकाला. मुलगी दहावीत, वर्ष अर्धं सरलेलं. कारण काय, तर 'प्रशासकीय'. हा शब्द दिसला की माझं डोकं आजही फिरतं. कोर्टात कुणी ब्र काढला नाही. खुलासा कधी आलाच नाही.

त्याच सुमारास कळलं, परदेशातून कायदेतज्ज्ञांची एक समिती येणार आहे. देशोदेशी फिरून न्यायाधीशांना दबावाशिवाय काम करता येतं का ते पाहायचं आणि अहवाल लिहायचा, हे त्यांचं काम. ती आमचं कोर्टही बघणार म्हणून आमच्या भिंतींना लगेच रंग लागला. नाताळच्या सुट्टीत साहेब घरी आले होते, तेव्हा मी मुलुंड गाठलं.

"साहेब, काय झालं तेवढंच त्यांना सांगा."

"माझा हुकूम आहे ना. तो वाचायला सांगा."

"हुकमात तुमची बदली नाही."

"न्यायाधीशाने कोर्टाबाहेर बोलायचं नसतं. एकदा बोललो की मग कुणीही मला बोलवून जाब विचारेल."

आतून त्यांच्या पत्नी म्हणाल्या, "नाही ऐकायचे ते. मी सांगून थकले."

मला त्यांचा भयंकर राग आला. ज्यांनी हाकललं त्यांच्याच सोयीचं हे तत्त्व, हे या शहाण्या माणसाला दिसू नये? मी चहा तसाच ठेवून उठलो. ते चपला घालून माझ्यामागे बसस्टॉपपर्यंत आले.

"चिडलात?"

"हो."

"बरंय. असेच चिडके राहा." बस येईपर्यंत ते माझ्याबरोबर उभे होते.

समिती आली. चहाच्या वेळी मी त्यांच्यातल्या एका पिकल्या केसांच्या गृहस्थांना सगळं सांगितलं. त्यांनी नीट ऐकून घेतलं. "ते मॅजिस्ट्रेट स्वतः हे सांगतील का?" शेजारी उभे असलेले एक ज्येष्ठ वकील हसून म्हणाले, "पोरगा तापट आहे, मनावर घेऊ नका."

मग पाहुणे कोर्टात मागच्या बाकावर बसले. त्या दिवशी पोलिसांनी त्याच कामगाराला नव्या गुन्ह्यात आणलं होतं. नव्या मॅजिस्ट्रेटनी विचारलं, "पोलिसांविरुद्ध काही तक्रार?"

तो दाराकडे बघत राहिला. पोलीस बाहेर जायची वाट बघत होता.

मी उठलो. "साहेब, पोलिसांना जरा बाहेर..."

"बसा. त्याला बोलू दे."

हवालदाराने त्याच्या दंडावरचा हात काढला नाही. तो पुन्हा एकदा दाराकडे बघून खाली मान घालून म्हणाला, "नाय, साहेब."

तो अहवाल मी पुढे खटपट करून मिळवला. त्यात लिहिलंय, आरोपींना तक्रारीबद्दल नियमाप्रमाणे विचारलं जातं. आपण दिलेल्या आदेशामुळे बदली झाल्याचं कुणा न्यायाधीशाने सांगितलं नाही, हेही लिहिलंय. दोन्ही अगदी खरं, आणि म्हणूनच ते पान मला फाडावंसं वाटतं.

त्या दिवशी पुढच्या केसचा पुकारा झाला आणि त्याला बाहेर नेलं तेव्हा तो पावलांच्या कडांवर चालत होता. पाहुणे मान खाली घालून लिहीत होते. मी वर खुर्चीकडे पाहिलं. तिथून कुणी खाली उतरलं नाही.