म्हशीची जागा

काल डोंगरावर इंजिनेर बाईंच्या हातातला नकाशा वाऱ्यानं फडफडला आणि मला आमचा आबा आठवला.

शहरातल्या एका साहेबांचं घर बांधायचंय, डोंगरात शोभंल असं, काचेचं. मी तिथला गवंडी. नकाशा वाऱ्यात काही केल्या ठरेना, म्हणून बाई उतारानं खाली सरकत गेल्या. एका खोलगट जागी कागद गपगार पडला. मला हसूच आलं. ती आमच्या म्हशीची जागा!

याच डोंगरावर माझं घर बांधताना आबा म्हणाला होता, "म्हैस मोकळी सोड. भर पावसात जिथं बसंल, तिथं पाया काढ."

"अक्कल आता म्हशीकडनं घेऊ होय?" म्हणत मी माथ्यावर बांधलं, गावाला दिसावं म्हणून. दिसलं की! आषाढात पत्रे उडाले, तेही साऱ्या गावानं बघितले.

आबा भिजत म्हणाला, "गवंड्या, राहायला बांधलंस का दाखवायला?" मग आम्ही दोघं खाली याच खोलगट जागी जाऊन म्हशीच्या आडोशाला बसलो. तिनं जरा सरकून जागा दिली.

आता आबाही नाही, म्हैसही नाही.

बाई म्हणाल्या, "साहेबांना माथ्यावरच हवंय. तुम्हाला काय वाटतं, मामा?"

"माथ्यावर एका गाढवानं बांधून बघितलंय, बाई."

"कोणी?"

"हा काय, तुमच्या पुढ्यात उभाय."

बाई हसल्या. "मारा इथंच फक्की. साहेबांना मी समजावते."

मी पांढरी रेघ ओढली. कडेला जरा जास्तच जागा सोडली, म्हशीला सरकायला.