थळच्या बायकांचं गाणं

आमच्या ग्रुपवर एकोणीस माणसं आहेत आणि त्यातली निम्मी मी कधी डोळ्यांनी पाहिलेली नाहीत. सगळ्यांना वेड एकच. जुन्या मराठी चित्रपटांच्या डिस्क जमवायच्या, आणि ज्यांच्या डिस्क अजून निघालेल्याच नाहीत त्या कधी निघतील यावर दिवसभर भांडायचं. मी नागावला राहते. शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झाले. घरामागे नारळाची वाडी आहे, वाडीत पाहुण्यांसाठी बांधलेल्या तीन खोल्या. पैकी एका खोलीत पाहुणे उतरत नाहीत, कारण तिथं माझी कपाटं आहेत. खाऱ्या हवेनं कव्हरांवर बुरशी धरते, म्हणून दर रविवारी मी एकेक डिस्क पुसून परत लावते. "देव्हारासुद्धा इतका पुसत नाहीस," असं हे म्हणतात. खरं आहे.

जुने चित्रपट साफसूफ करून नव्यानं काढणारी एक कंपनी आहे. वर्षाला तीन-चार चित्रपट काढते, पण आधी काही सांगत नाही. त्यामुळे आम्ही अंदाज बांधतो. जुन्या कॅमेरामनच्या सुनेनं त्या कंपनीच्या दारात फोटो काढला म्हणजे काय समजायचं? एखादा चित्रपट टीव्हीवर लागता लागता एकाएकी बंद झाला, म्हणजे हक्क विकले गेले का? उरणचे एक ट्रकमालक आमच्या ग्रुपवर आहेत. वडिलांची मिठागरं होती, यांचे आता ट्रक आहेत. ते म्हणायचे, "मॅडम, मान्सूनचा अंदाज परवडला, पण या कंपनीचा नको." आणि कोल्हापूरचे एक प्राध्यापक होते, ज्यांचे अंदाज नेहमी बरोबर यायचे. ते वाद घालत नसत, निकाल देत.

दिवाळीच्या सुमारास कंपनीनं एक चित्र टाकलं आणि खाली लिहिलं, 'ओळखा पाहू.' चित्र काळंपांढरं आणि मुद्दाम पुसट केलेलं. पुळण, कडेला ओढलेली एक होडी, पाण्यात उभ्या काही आकृत्या, मागे क्षितिजावर काळसर काहीतरी. ग्रुपवर एका तासात दीडशे निरोप आले. कुणी म्हणालं, गोव्यातलं. कुणी म्हणालं, मागचा पडदा रंगवलेला आहे. शेवटी प्राध्यापकांनी निकाल दिला. "मालवण. मागे दिसतो तो सिंधुदुर्ग. चित्रपट कुठला ते आता सांगायची गरज नाही."

सगळ्यांनी मान्य केलं. मी मात्र चित्र मोठं करून पाहत बसले होते.

माझं माहेर किहीमचं. लहानपणापासून समुद्रात दोन बेटं पाहिलेली, खांदेरी आणि उंदेरी. किहीमच्या किनाऱ्यावरून ती वेगळी वेगळी दिसतात, मध्ये पाणी. थळला गेलं की उंदेरी पुढे येते आणि खांदेरी तिच्या मागून डोकं काढते. शाळेत मी हे उदाहरण वर्षानुवर्षं दिलं होतं. दोन वस्तू एकमेकींपुढे कशा दिसतात यावरून आपण कुठं उभे आहोत ते सापडतं. त्या पुसट चित्रात क्षितिजावर एक बुटकी आकृती पुढे होती आणि एक उंच तिच्या उजव्या खांद्यावर.

मी लिहिलं, "हे मालवण नाही. थळ आहे."

प्राध्यापकांनी उत्तर दिलं, "थळला खताचा कारखाना आहे, मॅडम."

"कारखाना नंतर आला. समुद्र आधीपासून आहे."

एवढं लिहून झाल्यावर गप्प बसणं शक्य नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्कूटर काढली आणि थळला गेले. भरती उतरली होती. फोनमधलं चित्र समोर धरून किनाऱ्यावर मी पुढे-मागे चालत होते. वीस पावलं इकडे, दहा तिकडे. लोकांना वाटलं असणार बाईचं काहीतरी हरवलंय. बोंबील वाळत घालायच्या बांबूच्या वलांड्यांजवळ एक कोळीण उभी होती. वय ऐंशीच्या घरात, पाठ ताठ, हिरवं लुगडं.

"काय शोधते गो, बाय?" तिनं विचारलं.

मी फोन पुढे केला. तिनं तो हातात घेतला, लांब धरला, जवळ धरला.

"ही आमची होडी," ती म्हणाली. "नाळेवरशी, ह्या फुडच्या टोकावरशी ओलखली. आनि ती जागा ही न्हाय. फुडं, त्या खडकापाशी."

"मावशी, इथं शूटिंग झालं होतं?"

"झालं ना. आठ दिस. आमी नाचलंव त्यात."

मी आणखी विचारणार तोच बंदराकडून हाक आली. होड्या लागल्या होत्या. टोपली डोक्यावर घेऊन ती चालती झाली. मी खडकापाशी गेले. उंदेरी आणि खांदेरी एकावर एक अगदी चित्रातल्यासारख्या बसल्या. फोटो काढला आणि दोन्ही चित्रं शेजारी शेजारी ग्रुपवर टाकली. उरणच्या ट्रकमालकांनी फक्त टाळ्यांची चित्रं पाठवली, मोजून दोन ओळी भरतील एवढी.  अर्ध्या तासानं प्राध्यापकांनी लिहिलं, "मॅडम, मी चुकलो. थळला शूटिंग झालेला चित्रपट एकच आहे, आणि तो निघत असेल तर ही मोठी बातमी आहे."

तीन आठवड्यांनी कंपनीनं जाहीर केलं. तोच चित्रपट. नवरा दर्यात गेल्यावर स्वतः होडी घेऊन निघणाऱ्या एका कोळणीची गोष्ट. आमच्यापैकी कुणीच तो पाहिलेला नव्हता. जो होता तो जुन्या लोकांच्या आठवणींतच होता. त्या दिवशी मी घरात एकटीच हसत फिरत होते. ह्यांनी विचारलं तर म्हटलं, "कोल्हापूर जिंकलं मी."

पण जाहिरातीच्या तळाशी एक बारीक ओळ होती. चित्रपटाचं सातवं रीळ मिळालं नाही, त्यामुळे एक प्रसंग आणि एक गाणं नव्या आवृत्तीत नसेल.

प्राध्यापकांकडे त्या काळी थिएटरबाहेर विकली जाणारी गाण्यांची पुस्तिका होती. तिचं पान त्यांनी पाठवलं. गाणं होतं, शब्द होते, 'कोळणींचं समूहगीत' असं वर लिहिलं होतं. पण त्या गाण्याची रेकॉर्ड कधी निघालीच नव्हती. चाल कुणालाच ठाऊक नव्हती. प्राध्यापकांनी लिहिलं, "शब्द आहेत आणि गाणं नाही. याहून वाईट काही असू शकतं का?"

मला मावशीचं ते वाक्य आठवलं. आमी नाचलंव त्यात.

मी परत थळला गेले. या वेळी दुपारी, ती घरी असेल अशा वेळी. ओटीवर बसून ती सुक्या कोळंबीचे सोडे निवडत होती. मी रिळाचं सांगितलं, ते कुठंच सापडत नाही म्हणून सांगितलं.

"सापडत कसं न्हाय?" ती म्हणाली. "आमचे घरान हाय."

मला पहिल्यांदा कळलंच नाही. "काय आहे घरात?"

"रील. नाचाचं. तुमी त्या दिशी चित्र दाखवलं, मी होडीचं सांगितलं. रिलाचं कुनी इचारलं?"

शूटिंग करणाऱ्यांनी जाताना तिच्या बापाला शब्द दिला होता की तुमच्या बायकांचा नाच तुम्हाला दाखवू. आणि त्यांनी तो पाळला. गावोगाव पडदा लावून चित्रपट दाखवणाऱ्या एका माणसाच्या हाती त्या अख्ख्या रिळाची छोट्या फिल्मवरची प्रत पाठवली. शिमग्याला गावात ती दरवर्षी लागायची. पुढे तो माणूस येईनासा झाला, यंत्र गेलं, पण डबा राहिला. त्यानं जाताना बापाला बजावलं होतं की हे बंद ठेवू नका, वर्षातून एकदा वारा दाखवा, नाहीतर आंबेल.

"बापूस गेल्यावर मी दाखवते वारा," मावशी म्हणाली. "दसरा झाला का डबा उघडायचा, सावलीत ठेवायचा, परत झाकायचा. पोरं हसतात. म्हनतात, आये, यात हाय काय? मी म्हनते, मी हाय यात."

तिनं पेटीतून लुगड्यात गुंडाळलेला डबा काढला. मी वास घेतला. खराब झालेल्या फिल्मला आंबट वास येतो, शिरक्यासारखा, एवढं मला ग्रुपवरच्या वादांतून माहीत होतं. या डब्याला आला तो कापराचा, आणि थोडा सुकटीचा.  मी डबा तिच्याच मांडीवर परत ठेवला.

मी ओटीवरूनच कंपनीला फोन लावला. तिथल्या बाई म्हणाल्या, कुरिअरनं पाठवा. मावशीनं ऐकलं आणि मान हलवली. "डबा एकटा जायचा न्हाय."

मग ट्रकमालक उरणहून आपली गाडी घेऊन आले. तोवर आम्ही एकमेकांना पाहिलंही नव्हतं. ग्रुपवर इतका बडबडणारा हा गृहस्थ मावशीसमोर हात जोडून उभा राहिला आणि डब्याला धक्का नको म्हणून पेणपर्यंत गाडी बैलगाडीच्या वेगानं चालवत राहिला. मावशी मागच्या सीटवर, डबा मांडीवर, वर पदर. वाटेत चहाला थांबलो तरी ती डबा घेऊनच उतरली.

मुंबईला कंपनीच्या प्रयोगशाळेत थंडगार खोली होती. पांढरे हातमोजे घातलेल्या एका तरुण मुलीनं डबा उघडला, फिल्मचं टोक दिव्यावर धरलं, दोन बोटांत हलकेच वाकवून पाहिलं आणि आमच्याकडे वळली.

"हिला इतकी वर्षं कोणी सांभाळलं?"

"मी," मावशी म्हणाली.

"आमच्याकडच्या रिळांपेक्षा ही बरी आहे. थोडी आखडलीय, ओरखडे आहेत. पण जिवंत आहे."

तपासणीच्या टेबलावर तिनं फिल्म चढवली. आवाज नंतर वेगळा काढावा लागणार होता, म्हणून आत्ता फक्त चित्र दिसेल, असं ती म्हणाली. छोट्या पडद्यावर पांढरे ठिपके उडाले आणि मग समुद्र आला. मागे उंदेरी, तिच्या खांद्यावर खांदेरी. बायकांची रांग कमरेत हात गुंफून पाण्यातून वर येत होती. डावीकडून तिसरी, बारीक, जाड वेणीची मुलगी थेट कॅमेऱ्याकडे पाहून हसत होती. तिनं तसं हसायला नको होतं असं कुणी बजावलं असेल, तर तिनं ऐकलं नव्हतं.

खोलीत काही आवाज नव्हता. आणि मग मावशी गायला लागली.

आधी हळू, मग मोकळ्या गळ्यानं. पडद्यावर पाय उचलला की इथं शब्दावर जोर. ओठ आणि शब्द जुळत होते. पुस्तिकेचं पान माझ्या फोनवर उघडं होतं. मी बोटानं ओळी पुढे सरकवत होते आणि तिचा एक शब्द इकडचा तिकडे झाला नाही. दुसऱ्या कडव्यात तर ती थांबली आणि रागानं म्हणाली, "हितं ती चुकली बग. पाय उजवा पायजे होता." मग पुढचा शब्द पकडला आणि गाणं पुरं केलं. हातमोजे घातलेली मुलगी डोळे पुसायचे म्हणून हातमोजे काढत होती. ट्रकमालक भिंतीकडे तोंड करून उभे होते. मी त्यांना ओळखत नसते तर म्हटलं असतं, माणूस भिंतीवरचं कॅलेंडर वाचतोय.

त्या संध्याकाळी मी ग्रुपवर एकच वाक्य लिहिलं, "सातवं रीळ सापडलं." प्राध्यापकांचा फोन आला. त्यांनी मला पहिल्यांदाच फोन केला होता. "चाल कशी आहे?" एवढंच त्यांनी विचारलं. मी मावशीसारखं गाऊ शकत नाही, पण दोन ओळी म्हटल्या. पलीकडे कोल्हापुरात एक माणूस माझ्यामागून त्या ओळी हळूच म्हणत होता.

कंपनीला आमचे आभार मानायचे होते. डिस्कबरोबरच्या पुस्तिकेत संग्राहकांची नावं छापू म्हणाले. मी त्यांना सांगितलं की आमची छापा नाहीतर राहू द्या, पण नाचलेल्या बायकांची छापा. मूळ चित्रपटात त्यांच्यासाठी 'थळ गावच्या कोळणी' एवढंच होतं. कंपनीनं विचारलं, नावं कुठून आणणार? मग मी आणि मावशी तिच्या ओटीवर तीन दुपारी बसलो. मी फोनवर चित्र थांबवायची, ती बोट ठेवायची. ही हिची सासू, ही नवखारला दिलेली, ही माझी आते. एकीचं नाव तिला आठवेना, तर तिनं मला घेऊन अख्खी आळी पालथी घातली आणि त्या बाईच्या नातीकडून नाव मिळवलं. अकरा बायका. अकरा नावं. एकही गाळलं नाही.

डिस्क निघाली तेव्हा थळच्या मच्छीमारांच्या सभागृहात आम्ही पडदा लावला. संध्याकाळी सहाची वेळ, बाहेर अजून ऊन. किहीम, नागावहून लोक आले. प्राध्यापक कोल्हापूरहून एसटीनं आले, बॅगेत ती जुनी गाण्यांची पुस्तिका, प्लास्टिकमध्ये घातलेली. त्यांनी ती मावशीला दिली. मावशीला अक्षरं येत नव्हती, पण तिनं ती कपाळाला लावली.

चित्रपट सुरू झाला आणि गाण्यापर्यंत कुणी हललं नाही. गाण्याआधी पडदा क्षणभर काळा झाला आणि पुस्तिकेत छापलेली नावं कंपनीनं इथंही घातली होती; त्या काळ्यावर एकेक नाव पांढऱ्या अक्षरांत वर आलं. नातवंडं मोठ्यानं वाचत होती, म्हाताऱ्यांना कळावं म्हणून. प्रत्येक नावाला सभागृहाच्या एका कोपऱ्यातून ओरडा उठायचा. आमची आजी! आमची आये! मावशीचं नाव आलं तेव्हा ती उभी राहिली, जणू हजेरी चालू होती.

मग गाणं लागलं, आवाजासकट. अर्ध्या सभागृहानं ते पहिल्यांदा ऐकलं. उरलेल्या अर्ध्यानं, म्हणजे साठीच्या पुढच्या सगळ्या बायकांनी, ते म्हटलं.

संपल्यावर मावशी वळली आणि यंत्राशी उभ्या असलेल्या ट्रकमालकांना म्हणाली, "परत लाव."

त्यांनी परत लावलं. तिसऱ्यांदा सांगायची वेळच आली नाही, कारण तोवर बायका पदर खोचून पडद्यासमोर उभ्या राहिल्या होत्या.