मोजणीदाराची सही

बाबा छत्तीस वर्षं गावोगाव जमिनीची मोजणी करत हिंडले. बांध कोरणाऱ्यांच्या शिव्या खाल्ल्या, एकदा तर दगडही खाल्ला, पण हद्द इंचभर सरकवली नाही. आई गेल्यावर मी त्यांना इकडे ओहायोत आणलं. पुढे ते इथले नागरिकही झाले, आणि दिवसभर खिडकीतून शेजाऱ्याचं लॉन बघत बसायला लागले.

मग पोस्टाने मतपत्रिका आली. मतदारसंघ कोणी आखायचे, पुढाऱ्यांनी की स्वतंत्र आयोगाने, असा प्रश्न होता. सध्याच्या मतदारसंघांचा नकाशा लॅपटॉपवर उघडून मी समजावून सांगायच्या तयारीत होते. बाबांनी तो वाकडातिकडा नकाशा पाहिला आणि उसळलेच.

"अगं, हा तर बांध कोरलाय! ज्याचं शेत त्याच्याच हातात मोजणीची साखळी? कुंपणच शेत खातंय की!"

कित्येक महिन्यांनी त्यांचा आवाज असा चढला होता. मला इतकं बरं वाटलं!

आयोगाच्या बाजूने गोल काळा करून त्यांनी पाकीट बंद केलं आणि वर सही ठोकली. मराठीत, ऐसपैस, खाली रेघ ओढून.

"बाबा, रेकॉर्डला तुमची इंग्रजी सही आहे ना!"

"नकाशाच्या कामावर मी मराठीतच सही करतो."

म्हटलं, जाऊ दे, सही ती सही. पाकीट मीच टपालपेटीत टाकून आले.

नंतर निवडणूक ऑफिसचं एक पत्र आलं होतं, ते मी न फोडताच पिझ्झाच्या कुपनांबरोबर ड्रॉवरमध्ये कोंबलं होतं. निकाल लागून आठवडा झाल्यावर कात्री शोधताना ते सापडलं. सही जुळत नाही, मुदतीत फॉर्म भरून पाठवा, नाहीतर मत बाद. मुदत कधीच संपली होती. कसली बावळट बाई मी! एक पाकीट फोडायला काय धाड भरली होती?

आयोगाचा प्रस्ताव पडला होता. बाबा टेबलाशी चहा गार करत बसले होते.

"पडू दे," ते म्हणाले. "साहेबाने नकाशा फिरवला की मी खाली लिहायचो, 'हरकत आहे', आणि सही. कोणी ऐको न ऐको, कागदावर राहायची. इथेही राहिली ना गं माझी?"

पत्र माझ्या स्वेटरच्या खिशात होतं.

"राहिली, बाबा," मी म्हणाले.

बाबा हसले, आणि मला त्यांच्याकडे बघवेना.