डेल्फिनबाईंचं गोडं पाणी

आमच्या प्रयोगशाळेत ‘डिस्टिल्ड वॉटर’ असं कुणी म्हणत नसे. काचेच्या मोठ्या बाटलीतलं ते ‘गोडं पाणी’ आणि नळाचं ते ‘खारं’. हे बारसं डेल्फिनबाईंनी केलेलं. वसईच्या त्या कॉलेजात त्या चोवीस वर्षं प्रयोगशाळा सांभाळत होत्या, आणि आम्ही प्राध्यापक मंडळी त्यांना सांभाळून होतो.

त्यांच्या घरामागे केळीची आणि पानवेलीची वाडी होती, आणि वाडीत विहीर. त्यांच्याकडे तिला बाव म्हणत. आजूबाजूच्या विहिरी टँकरवाल्यांनी इतक्या उपसल्या की समुद्राचं पाणी शिरून त्या खाऱ्या झाल्या होत्या. दर नाताळात एक बिल्डर केक घेऊन वाडी मागायला येई. त्यावर बाईंचे यजमान, ॲन्सेल्मकाका, यांचं उत्तर ठरलेलं, “बाव खारी झाली की वाडी तुझी.” हे सांगताना बाईंना हसू आवरत नसे. “आमची बाव, आनि खारी?”

मी फुलपाड्याच्या नव्या वस्तीत राहायचो, म्हणजे त्याच टँकरांचं पाणी प्यायचो. पण २००४ साली मला विहिरीबिहिरींशी काही देणंघेणं नव्हतं. मला हवं होतं ब्रूकाइट.

टायटॅनियम डायऑक्साइड म्हणजे घराच्या रंगात असते ती पांढरी पूड. तिचे अणू तेच, पण ते तीन तऱ्हांनी बसतात. ॲनाटेज आणि रुटाइल या दोन तऱ्हा बोलावलं की येतात. तिसरं ब्रूकाइट मात्र मानपानाच्या जावयासारखं, हजार मिनतवाऱ्या केल्या तरी एकटं म्हणून यायचं नाही. माझी पीएच.डी. त्याच्यापायी पाच वर्षं अडून बसली होती.

काम तसं स्वयंपाकघरातलंच. टायटॅनियमचा द्राव पाण्यात सोडला की दह्यासारखा साका धरतो. तो गोड्या पाण्यानं पाचदा धुवायचा, अमोनियाचे थेंब घालायचे आणि जाड पोलादी डब्यात घट्ट बंद करून ओव्हनमध्ये दिवसभर ठेवायचा. आत पाणी उकळीच्या कितीतरी पुढे जातं, पण कोंडलेलं असल्यामुळे उकळू शकत नाही. दुपारच्या सुस्तीत मी स्टुलावर बसून ओव्हनची घरघर ऐकत राही. डोळे मिटले की मला तो काळोख दिसे. त्यात कण चाचपडतायत, एकमेकांचा हात धरतायत, कुठे बसावं ते ठरवतायत. मी उतावीळ होऊन डब्याकडे गेलो की बाई हटकत, “सर, उघडू नका. निवू दे आपसूक.”

एकदा गोडं पाणी बनवणाऱ्या यंत्राची कॉइल जळाली. मला नेमकं परीक्षेच्या कामाला जायचं होतं. जाता जाता सांगितलं, “बाई, साका गोड्या पाण्यानं पाचदा धुवा आणि डबा लावा.” पंधरा दिवसांनी मुंबईहून त्या पुडीचा क्ष-किरणांचा आलेख आला आणि मी उडालोच. निव्वळ ब्रूकाइट!

कॉइल बदलल्यावर तोच प्रयोग तीनदा केला. तीनदा ॲनाटेज. माझं डोकं फिरायची वेळ आली. शेवटी बाईंनाच विचारलं, “त्या दिवशी तुम्ही काय वेगळं केलंत?”

“काय नाय. बाटली रिकामी होती, म्हनून घरून कॅन आनला. बावीचं पानी.”

बाईंच्या लेखी गोडं पाणी ते गोडं पाणी! मी टाळीच वाजवली. “अहो, मीठ! तुमच्या पाण्यात मीठ असणार. त्या सोडियमनंच ते कण वेगळे बसवले!”

बोलून गेलो आणि बाईंचा चेहरा पाहिला. इतका मूर्ख मी आयुष्यात दुसऱ्यांदा झालो नसेन.

बाई उठल्या. त्या कॅनच्या तळाशी उरलेलं पाणी परीक्षानळीत ओतलं आणि सिल्व्हर नायट्रेटचा थेंब सोडला. मिठाची ही परीक्षा त्यांनी चोवीस वर्षं पोरांसाठी मांडून ठेवली होती. नळीत पांढरा ढग उठला, हळूहळू खाली उतरत गेला. आम्ही दोघं तो बघत राहिलो. रोज तेच पाणी पिणाऱ्या जिभेला काही कळलंच नव्हतं.

लाज वाटते सांगायला, पण मला ते पाणी आणखी हवं होतं. संध्याकाळी दोन रिकामे कॅन घेऊन मी त्यांच्यासोबत घरी गेलो. वाडीत हिरवा अंधार उतरला होता. काका पानवेल बांधत होते.

“बाव खारी झाली,” बाई म्हणाल्या.

काकांनी गाठ पुरी केली. “तीन वरसं झाली.”

“मंग बोलला नाय?”

“तू गोडं म्हनत होतीस.”

“आनि तो केकवाला?”

“त्याला पन तेच सांगितलं. बाव गोडी हाय.”

बाईंनी विहिरीतून कळशी ओढली, ओंजळभर पाणी तोंडात घेतलं आणि ते सावकाश गिळलं.

“जरासंच खारं हाय, सर,” त्या म्हणाल्या, आणि माझे दोन्ही कॅन भरून दिले.